मास्तरांची अट

एकूण किती, असं मास्तरांना विचारायची सोय नव्हती. “कुणाचं एकूण? आधी अट सांगा,” म्हणत ते चष्मा कपाळावर चढवत आणि अट ऐकेपर्यंत की-बोर्डला हात लावत नसत. कॅन्टीनमध्ये वाढप्याने “किती चपात्या?” विचारलं तरी उत्तर ठरलेलं, “गरम असतील तर तीन.” मास्तर कुठल्या शाळेत नव्हते, आनंदनगरातल्या आमच्या रंगांच्या कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळत.

नव्वदच्या आसपास मी तिथे लागले. पहिल्याच दिवशी त्यांनी मला सगळ्या कामगारांच्या आजारपणाच्या रजांची बेरीज करायला लावली. मग त्याच हुकुमापुढे ‘फॉर’ लिहून ‘शेड नंबर तीन’ ही अट घातली. माणसं मूठभर, आणि निम्म्या रजा त्यांच्याच! “बघितलंत, ताई? नुसत्या बेरजेत ही माणसं बुडून जातात. अट घातली की त्यांचा खोकला ऐकू येतो.”

तीन नंबरातला धूर ओढणारे पंखे बदलावेत म्हणून मास्तर दर तिमाहीला ही बेरीज मॅनेजरसाहेबांकडे नेत. एरवी कुणाशी वाकड्यात न शिरणारा हा माणूस तेवढ्यापुरता हट्टाला पेटे. अखेर साहेब कबूल झाले, पुढच्या वेळी आकडा चढला तर पंखे मंजूर. पुढच्या वेळी आकडा उतरला. “देखा मास्टर, इम्प्रूव्हमेंट है!” साहेब म्हणाले आणि पंखे बारगळले. मास्तरांनाही बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. ते राहत त्या कॅम्प चार वस्तीतल्या शेजारच्या सिंधी मिठाईवाल्याकडून त्यांनी आमच्यासाठी मिठाई आणली.

महिनाभराने बारवी धरणाकडच्या पाड्यावरची एक बाई दारात आली. तीन नंबरात काम करणारा तिचा नवरा रक्त ओकून गेला होता. “मास्तर, माज्या घरवाल्याचा नाव हाय ना तुमच्या मशिनीत? किती दिस आजारी व्हता, ता लिवून द्या.”

मास्तरांनी शोधलं. नाव सापडेना. मग एकदम त्यांचा चेहरा उतरला. कामगार काम सोडून गेला किंवा वारला की त्याच्या नोंदींवर खोडल्याची खूण करायची, ही आमची पद्धत. नोंदी फायलीत राहत. पण खूण असलेल्या वगळायच्या, अशी सूचना मास्तरांनीच मशीनला कायमची देऊन ठेवली होती. त्या तिमाहीत तीन नंबरातले तिघे गेले होते, त्यात बाईचा नवराही. त्यांच्याबरोबर त्यांच्या रजाही बेरजेतून गेल्या, म्हणून आकडा उतरला होता.

“ही दुसरी अट मीच घातली होती, ताई. विसरलो.”

बाईला त्यांनी सगळे दिवस छापून दिले आणि नवी बेरीज घेऊन साहेबांकडे गेले. साहेबांनी कागद हातातही घेतला नाही. “जो रहे ही नहीं, उनकी छुट्टी क्यों गिनते हो?”

पंखे आले नाहीत. मास्तर कॅन्टीनमध्ये ताटात पडेल ते खाऊ लागले. खोडलेल्या नोंदी कायमच्या पुसायला ‘पॅक’ हा हुकूम असतो. तो मात्र त्यांनी निवृत्त होईपर्यंत दिला नाही. डिस्क भरत आली तरी म्हणायचे, “राहू देत. त्यांना जागा ती किती लागते?”

त्यांची खुर्ची मला मिळाली. पहिल्याच आठवड्यात साहेबांनी फर्मावलं, “डिस्क फुल है मॅडम, पुराना सब उडा दो.” मला नोकरी हवी होती. मी ‘पॅक’ची चार इंग्रजी अक्षरं टाइप केली. पुसायला एक मिनिटही लागलं नाही.

पुढे कितीतरी वर्षं मास्तर कॅम्प चारच्या बाजारात भेटत. हातातली पिशवी खाली ठेवून, हळू आवाजात विचारत, “ती माणसं आहेत ना अजून?”

मी हो म्हणायची. ते वारले तोवर मी हो म्हणत राहिले.