फ्रिजमधल्या दोन पिशव्या

रक्तपेढीच्या फ्रिजला काचेचं दार आहे. आत दोन पिशव्यांवर माझ्या बायकोच्या नावाच्या चिठ्ठ्या दिसत होत्या. तिचं पित्ताशयाचं ऑपरेशन सकाळीच पार पडलं. रक्त लागलंच नाही.

"डॉक्टरांनी पिशव्या दुसऱ्या पेशंटसाठी सोडायला सांगितल्यात. हरकत नाही ना, काका?" रक्तपेढीतल्या बाईंनी विचारलं.

"आहे हरकत! दोन्ही भावांना दुकान बंद करून रक्त द्यायला आणलं. लागणार नव्हत्या तर मागितल्या कशाला?"

"असाव्यात म्हणून सगळेच मागतात हो."

बाकावरचा म्हातारा माझ्याकडे बघत होता. त्याची लेक वर बाळंत झाली होती, रक्त फार गेलं होतं. गट हाच, आणि मोकळी पिशवी एकही नव्हती.

टंचाईत मीही दुकानासाठी दहा पोती हवी असली की घाऊक व्यापाऱ्याला वीस सांगतो, कारण तो निम्मी कापणार हे ठरलेलं. इथे कापणारं कोणी नाही. मागितलं तेवढं नावावर अडकतं आणि गरजवंत काचेबाहेर बसून राहतो.

"या पिशव्या यांच्या लेकीच्या रक्ताशी जुळवून बघा," मी म्हणालो. म्हातारा वाकला.

"अहो, पाया कसले पडता? लेकीजवळ जा!" मी ओरडलोच.

बाई पिशव्या घेऊन गेल्या. राग गेला नव्हता. पण फ्रिजमधली ती रिकामी जागा बघून बरं वाटलं.