अर्ध्या गोळीचा सौदा

निपाणीच्या तंबाखू बाजारात आम्ही भाव तोंडानं बोलत नसू. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि त्याखाली एकमेकांची बोटं दाबून आकडा सांगायचा. पहिला आकडा खरा मानणारा माणूस दुसऱ्या हंगामापर्यंत टिकत नसे. मी टिकलो. बापानं मागं काही ठेवलं नव्हतं. जे मिळवलं ते या बोटांवर. म्हणून बेळगावच्या डॉक्टरांनी माझ्यावर ठेवलेला ठपका मला अजून मान्य नाही.

माझी थोरली मुलगी तेव्हा दहा वर्षांची होती. जेवता जेवता उठायची, अर्धी वेणी घातलेली तशीच पळायची. पाढा लिहायला बसली की तिसऱ्या ओळीला तिचं लक्ष खिडकीबाहेर. बुद्धी कमी नव्हती. दारात आलेला तंबाखू नुसता हुंगून तो कुठल्या शिवारातला ते ती माझ्याआधी सांगायची. पण मास्तरांनी निरोप धाडला: अशीच राहिली तर चौथीच्या परीक्षेला बसवणार नाही, घरीच ठेवा. ते ऐकून ती रडत म्हणाली, "मी मुद्दाम न्हाय करत, आप्पा."

दुसऱ्या महायुद्धाची वर्षं होती. बेळगावच्या कॅम्पात लष्करातून निवृत्त झालेले एक डॉक्टर होते. सर्व्हिस मोटारीनं तिला आणि तिच्या आईला घेऊन गेलो. त्यांनी तिचं वजन केलं, छाती तपासली, बराच वेळ तिच्याशी बोलले. मग पांढऱ्या गोळ्यांची बाटली काढली.

"सैनिकांना जागं राहायला देतात त्या या गोळ्या. परदेशात काही चंचल मुलं यांनी स्थिर झाली, असं वाचलंय. खात्री देत नाही. सकाळी न्याहारीनंतर अर्धी. दुपारी अजिबात नाही. जेवण तुटलं, झोप उडाली, छाती धडधडली, तर बंद करून लगेच आणायचं. एरवी दर महिन्याला वजन करायला."

"जागं ठेवायचं औषध?" बायको म्हणाली. "ही आधीच कुठं एका जागी बसतीया!"

"मलाही नवल वाटतं, बाई. म्हणून तर अर्धी."

"एक दिली तर?" मी विचारलं.

"अर्धी."

"बरं, पाऊण?"

ते हसले. "अर्धी, मालक."

घोळ त्या हसण्यानं केला. बाजारात हसणाऱ्यापाशी भाव हलवायला अजून जागा शिल्लक असते.

अर्धीनं गुण आला. तीन आठवडे ती सकाळची शाळेत बसली, पानभर शुद्धलेखन न उठता लिहिलं. दुपार झाली की मात्र पुन्हा तेच. परीक्षा जवळ आली होती. अर्धीनं अर्धा दिवस, तर एकीनं पुरता दिवस, हा हिशेब मी केला. सकाळी एक सुरू केली. मग दुपारीही अर्धी.

"अहो, डॉक्टरांनी बजावलंय की!"

"डॉक्टर हात राखून सांगतात. मला शिकवू नगंस."

"पोरगी म्हंजे काय तंबाखूचं पोतं हाय व्हय?"

मी बायकोवर ओरडलो. आणि पोरगी बसली, ही गोष्ट खरी. अशी बसली की उठेना. पाटीवर एकच ओळ पुन्हा पुन्हा गिरवायची. भाकरीला शिवेना. झोपेना. म्हणाली, "आप्पा, छातीत जातं फिरतंय." डॉक्टरांनी सांगितलेली तिन्ही लक्षणं माझ्यापुढं होती. परीक्षा आठ दिवसांवर होती. मी गेलो नाही.

चौथ्या दिवशी ती शाळेच्या पायरीवर कोसळली.

बेळगावला नेल्यावर डॉक्टरांनी तिला ठेवून घेतलं. बाटलीतल्या गोळ्या मोजून मला विचारलं, "किती देत होता?" मी सांगितलं. त्यांनी बाटली कपाटात टाकून कुलूप लावलं.

"बरी झाली की परत अर्धीनं सुरू करू," मी म्हणालो.

"नाही. औषध लागू पडलं होतं. तुमच्या घरात ते देता येणार नाही. पोरीच्या जिवावर घासाघीस केलीत तुम्ही."

मी टेबलावर मूठ आपटली. "अर्धीच खरी होती, तर हसलात कशाला?"

त्यांनी दार दाखवलं. पुढं मी चारदा गेलो. गोळ्या कंपाउंडरपाशी ठेवा म्हटलं, तिची आईच देईल म्हटलं, बेळगावात खोली घेऊन राहतो म्हटलं. ते एका शब्दानं हलले नाहीत. कागदावर लिहून बायकोच्या हाती दिलं असतं तर? माणूस ओळखायची विद्या त्यांच्याकडं नव्हती, आणि शिक्षा पोरीला दिली. मग ते गाव सोडून गेले. दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरानं त्या गोळ्यांना हात लावला नाही.

परीक्षा गेली. मास्तरांनी नाव कमी केलं. छाती सुधारली, बाकी सगळं पहिल्यासारखं झालं, फक्त आता तिला ते कळत होतं. एकदा माझ्या पानावर भाकरी वाढता वाढता ती म्हणाली, "अर्धीनं मला वाचाय येत हुतं, आप्पा. अर्धीच का न्हाय दिलीत?"

मी तोंड उघडेपर्यंत ती भाकरी तशीच टाकून अंगणात गेली होती. उत्तर ऐकण्याइतकं थांबणं तिला जमत नव्हतं.