डेल्फिनाचा लव्हाळा

पाहारो नदीच्या वळणावरचा लव्हाळा डेल्फिनानं बारा वर्षं राखला. राखायचा म्हणजे दर हिवाळ्यात खणायचा. दगड वेचायचे, गुंता सोडवायचा, माती पिठासारखी मोकळी करायची. मग मुळ्या सरळ धावतात, दोन-दोन हात. आम्ही ओलोनी, या नदीकाठची मूळची माणसं, टोपल्या विणतो त्या याच मुळ्यांनी.

डेल्फिना शाळेच्या स्वयंपाकघरात राबते. विणकाम तिला मेल्चोरामावशीनं शिकवलं. टोपली अशी की थेंब गळत नाही; तिच्यात तापलेले दगड टाकून ओकच्या फळांची लापशी शिजवायची. टोपलीचा काठ बांधायचं तेवढं शिकायचं राहिलं, आणि ते आता फक्त मावशीच्या बोटांत उरलंय. मावशी एक्क्याण्णव वर्षांची.

तेवढ्यात वनखात्यानं नदीकाठच्या त्या पट्ट्याला कुंपण घातलं. झाडं जपायची, हात लावायचा नाही. तीन वर्षं अर्ज केल्यावर परवाना आला: हिवाळ्यातली एक सकाळ, तीस मुळ्या, सोबत खात्याचा साहेब.

आम्ही मावशीला खुर्चीसकट नदीवर नेलं. डेल्फिनानं खणायची काठी मारली. जमीन विटेसारखी. मुळ्या निघाल्या त्या वीतभर, वाकड्या, गाठाळ.

"बघा, किती दाट झालाय," साहेब खुशीत म्हणाला. "कुणी हात लावला नाही ना!"

"म्हणूनच वाटोळं झालं," डेल्फिना म्हणाली.

"आमच्या पुस्तकात होतं, तुमची माणसं केव्हाच संपली."

"मग परवाना काय भुताला दिलात, साहेब?"

तो हसला. ती हसली नाही. तिनं मुळ्या मावशीच्या मांडीवर ठेवल्या.

मावशीनं चाचपून पाहिल्या. "अगं, या मुळ्या की कोंबडीचे पाय?"

"टोपलीच्या काठाला चालतील?"

"नाही गं. दोन हिवाळे खणलंस तर सरळ येतील. मग वर्षभर वाळवायच्या."

तीन वर्षं. तेव्हा मावशी चौऱ्याण्णवची.

डेल्फिनानं सगळ्या मुळ्या उचलून साहेबाच्या हातात कोंबल्या आणि पुन्हा खणू लागली.

"बाई, परवाना मुळ्यांचा आहे. जमीन खणायचा नाही."

"मुळ्या दिल्या ना तुम्हाला? ठेवा जपून."

"डावीकडे खोल घे," मावशी खुर्चीतून ओरडली. "आणि हात चालव. मला काय रिकामा वेळ पडलाय?"

साहेब तक्रार लिहीत राहिला. डेल्फिना दात-ओठ खात खणत राहिली. बारा वाजले, परवाना संपला. तोवर दोन खाटांएवढी जमीन मोकळी झाली होती. साहेबानं फाटकाला कुलूप लावलं.