टेपाडावरचा वारा

शहापूरच्या डॉक्टरने माझ्या मानेचा एक्स-रे उजेडाकडे धरला आणि सांगितलं, "बाई, डोक्यावर ओझं आता बंद." मी म्हटलं, "मग पाणी तुमी आणाल का?" तो हसला. मला काही हसू आलं नाही. डोळखांबच्या वरच्या अंगाला आमचा पाडा, विहीर पार खाली ओहोळाच्या काठाला, आणि तिथला लाइटवरचा पंप नुसता शोभेला; व्होल्टेजच मिळत नाही. हंड्यावर हंडा ठेवायचा आणि चढण चढायची. पाणी वर आलं नाही तर माझी मान कामातून जाणार होती, सरळ हिशेब.

म्हणून पवनचक्की येणार म्हटल्यावर पाड्यात सगळ्यांत जास्त आनंद मला झाला. एक संस्था देणार होती. उंच खांब, वर तीन पाती, वाऱ्यावर वीज, त्या विजेवर विहिरीचा पंप, आणि पाणी थेट पाड्यातल्या टाकीत. धूर नाही, डिझेल नाही. संस्थेचा इंजिनीयर टेपाडावर जाऊन उभा राहिला तर त्याची टोपीच उडाली. "बस, इथेच लावू," म्हणाला. टेपाड आमचं. म्हणजे आमच्या ह्यांचं आणि माझ्या दोन दिरांचं, तिघांच्या सामाईक सातबाऱ्यावर.

मग देवळात पुरुषांची बैठक बसली. बायकांना कोण विचारतंय! मी चहा घेऊन गेले तोवर ठरूनही गेलं होतं. टेपाडावर नको, गावदेवीच्या आवारात लावायची. देवीची जागा सगळ्यांची, उद्या भांडण नको.

अरे देवा! गावदेवी बसलीय खोलगटात, भोवती तिची दाट राई, आणि त्या राईतली काडीसुद्धा मोडायची नाही. तिथे वारा येणार कुठून? आम्ही बायका दरवर्षी भाताच्या पाट्या डोक्यावर घेऊन टेपाडावरच्या खळ्यावर जातो ते काय हौस म्हणून? सुपातून भात सोडलं की फोल उडायला वारा लागतो. तो तिथेच असतो. देवळापाशी सूप धरलं तर सगळं फोल आपल्याच पायांवर पडतं. हे मी भर बैठकीत ओरडून सांगितलं. त्यावर एक म्हातारबा म्हणाले, "गो बाय, सूप नि मशीन एकच काय?" सगळे खो खो हसले. मी चहाचे कप उचलले आणि तणतणत घरी आले.

इंजिनीयर नको नको म्हणत होता, पण दुसरी जागाच देत नाहीत म्हटल्यावर बिचारा काय करणार. खांब उभा राहिला. उद्घाटनाला पाहुणे आले, नारळ फुटला, आणि पाती काही हलेनात. अर्धा तास सगळे माना वर करून उभे. माझी तर मान वरही होत नव्हती. शेवटी फोटो तसाच काढला आणि पाहुणे जेवायला बसले.

तो सगळा उन्हाळा मी मानेला पट्टा बांधून पाणी वाहिलं. येता-जाता ती थंड पडलेली चक्की दिसायची आणि टाळकं फिरायचं. टेपाड दिरांनीच अडवलं असणार, असं मी धरून चालले होते; त्यांना तर मी सोडलंच नाही. "टेपाड काय वर नेणार हाय बरोबर?" असं दिसतील तिथे ऐकवायचे. एक दिवस धाकटा दीर विहिरीच्या वाटेवर भेटला आणि माझ्या तोंडाला कंटाळून म्हणाला, "वयनी, माझ्यावर कशाला चिडतेस? आमी दोघं तयार होतो. दादाच नाय बोलला."

चढण कशी चढले मला ठाऊक नाही. हे ओट्यावर तंबाखू मळत बसले होते. हंडे उतरवून मी विचारलं, "टेपाड द्यायचा नाय, असं तुमी बोललात?"

ह्यांनी वर बघितलंच नाही. "बापजाद्यांची जागा हाय गो. दोन हंडे पाण्यासाठी दुसऱ्याच्या घशात घालू?"

दोन हंडे! लग्नाला एकवीस वर्षं झाली आणि ह्या माणसाला वाटतं, आपल्या घराला दोन हंडे पाणी लागतं. उन्हाळ्यात त्याच्या बैलजोडीलाच चार लागतात, आणि ते मी आणते.