किल्लीबाईंनी वाचलेलं कुलूप

किल्लीबाईंची एक तऱ्हा होती. गाडी बघायला बोलावलं, तर त्या गाडीला आधी हात लावायच्या नाहीत. दारात उभ्या राहूनच फर्मान सोडायच्या, "घरात ही गाडी ज्यांनी ज्यांनी चालवली त्या सगळ्यांना बोलवा. आणि किल्ल्या आणा. सगळ्या. वाकड्या, मोडक्या, मेलेल्यासुद्धा."

भाऊंना हे ऐकून हसू आलं. बिघाड गाडीत, आणि ही बाई माणसांची हजेरी घेते आहे! पण हसू त्यांनी मिशीतच ठेवलं, कारण आता दुसरा कोणी उरलाच नव्हता. गॅरेजवाल्याने आधी बॅटरी बदलली, मग सेल्फची मोटर बदलली, मग वायरी उपसल्या, आणि शेवटी हात टेकले. घोडं नेमकं कुठं पेंड खातंय ते त्याला कळेना. "पूर्ण लॉक बदलायला पाहिजे," तो म्हणाला, "आणि हे लॉक आता कुठेही मिळत नाही. किल्लीबाईंना विचारून बघा. बस डेपोच्या मागे टपरी आहे त्यांची."

गाडी भाऊंच्या थोरल्या बहिणीची, म्हणजे ताईंची. बसकी, लांब नाकाची, दोनच सीटची स्पोर्ट्स कार. एके काळी लालभडक होती, आता जुन्या विटेसारखी दिसायची. ताई पस्तीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर होत्या. हॉस्पिटलमधला एक डॉक्टर गाव सोडून चालला तेव्हा ही गाडी ताईंनी घेतली, आणि एकटी बाई असली गाडी घेते म्हणून ज्यांच्या पोटात दुखलं त्यांच्या नाकावर टिच्चून तीस वर्षं चालवली. भाऊ नकाशे काढणाऱ्या कचेरीतून निवृत्त झाले आणि बहिणीकडे राहायला आले. तेव्हापासून चालवायची ताईंनी आणि निगा राखायची भाऊंनी, अशी वाटणी होती. आठवड्याची भाजी आणि वाणसामान मात्र भाऊ ह्याच गाडीतून आणायचे.

या हिवाळ्यात गाडी रुसली. ताईंच्या हातात किल्ली फिरेना. फिरलीच तर आतून नुसतं "टक" व्हायचं आणि सगळं गप्प. भाऊंच्या हातात मात्र ती फिरायची. त्यांना एक युक्ती सापडली होती. किल्ली पूर्ण आत घालायची, तांदळाच्या दाण्याएवढी मागे ओढायची, वर दाबायची आणि हिसका द्यायचा. चार-पाच हिसक्यांत इंजिन बोलायचं. दोन हात, एक कुलूप; एका हातात चालतं, दुसऱ्यात चालत नाही. भाऊंनी सरळ हिशेब मांडला आणि बहिणीला सांगून टाकला. "ताई, गाडीला काही झालेलं नाही. तुझ्या मनगटात आता जोर राहिला नाही."

ताईंनी किल्ली भाऊंच्या हातात दिली. महिनाभराने म्हणाल्या, "जुन्या गाड्यांचा तो शौकीन माणूस फोन करत असतो ना, त्याला रविवारी बोलव. तोवर एकदा जरी माझ्या हाताने सुरू झाली तर ठेवीन. नाहीतर घेऊन जाऊ दे त्याला." आणि बुधवारी भाऊंची युक्तीही चालेनाशी झाली. आज शनिवार होता. खरं सांगायचं, तर उद्या येणाऱ्या माणसासमोर शोभा होऊ नये एवढ्यासाठीच भाऊंनी किल्लीबाईंना आणलं होतं. गाडी राहावी म्हणून नव्हे.

बाई पन्नाशी ओलांडलेल्या, ठेंगण्या, गळ्यात दोरीला भिंग. त्यांनी ताईंना पुढे बोलावलं.

"माझ्याकडून नाही होत हो," ताई म्हणाल्या. हात स्वेटरच्या खिशातच.

"होऊ नकाच देऊ. फक्त करून दाखवा."

ताई सीटवर बसल्या, किल्ली घातली, फिरवायला गेल्या. नाही फिरली. बाईंची नजर किल्लीवर नव्हतीच, ताईंच्या मनगटावर होती. मग भाऊंची पाळी. भाऊंनी ओढलं, दाबलं, हिसके दिले, घामाघूम झाले, कशीबशी फिरली आणि "टक." बाई म्हणाल्या, "हं." एवढंच.

मग वर्तमानपत्रावर किल्ल्या मांडल्या. चार होत्या. बाईंनी डोळे मिटले, एकेकीच्या दातांवरून अंगठा फिरवला आणि चौघींना ओळीत लावलं. "ही सगळ्यांत थोरली. ही तिच्यावरून काढलेली. ही हिच्यावरून. आणि आता चालू आहे ती ही, शेंडेफळ. बरोबर?"

भाऊंनी आ वासला. बरोबर होतं! दात झिजले असं वाटलं, की भाऊ शिस्तीत नवी किल्ली करून आणायचे, आणि नमुना म्हणून नेहमी हातातली चालू किल्लीच न्यायचे. "पण हे तुम्हाला कसं कळलं?"

"आजीचं नाक नातीपर्यंत पोचलेलं नाही, म्हणून. दर वेळी थोडं थोडं बसत गेलंय. आणि ही थोरलीसुद्धा मूळची नव्हे. मूळची कुठाय?"

"ती एका एप्रनच्या खिशातून हॉस्पिटलच्या धोब्याकडे गेली," ताई म्हणाल्या. "वीस वर्षं झाली."

"मग तिला परत बोलवावं लागेल," बाई म्हणाल्या, जणू ती शेजारच्या गल्लीत राहायला गेली होती.

हे बोलणं भाऊंना तेव्हा निव्वळ बढाई वाटलं. पण पुढचे दोन तास त्यांनी जे पाहिलं ते पाहून ते पुरते गार झाले. बाईंनी शेंडेफळाला हळूहळू पटवून कुलूप अर्ध्यावर फिरवलं, बाजूच्या बारीक भोकात विणकामाची सुई घातली, आतली खीळ दाबली, आणि स्टिअरिंगखालून कुलपाचं पोट अलगद बाहेर आलं. अंगठ्याएवढं. त्यातून त्यांनी सहा पितळी पत्र्या काढल्या, प्रत्येकीखालची केसासारखी स्प्रिंग काढली, आणि पांढऱ्या रुमालावर क्रमाने मांडल्या. हात एकदाही थरथरला नाही. घड्याळांच्या कारखान्यात एकोणीस वर्षं त्या तपासणीच्या टेबलावर होत्या. बोटाच्या टोकाने स्प्रिंगचा ताण ओळखायचा, हे काम. कारखाना बंद पडला तेव्हा बाकीच्या बायका रडल्या, ह्या मात्र आपल्या कुलूपवाल्या मामांच्या टपरीवर जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, मला कुलपं शिकवा. मामांनी सहा महिने शिकवलं. सातव्या महिन्यापासून अडलेलं कुलूप आलं, की मामाच हाक मारायचे, "अगं, जरा बघतेस का?"

"या, बघा," त्यांनी भिंग भाऊंच्या हातात दिलं.

भाऊ वाकले. पितळी पत्रीच्या कडेला, तिळाहूनही लहान, एक आकडा कोरलेला होता. २. पुढच्या पत्रीवर ४. मग १, ३, ३, १. भाऊंनी उभा जन्म नकाशांवर बारीक अक्षरं काढण्यात घालवला होता. एवढ्याशा जागेत इतका सुबक दोनचा आकडा काढणं म्हणजे काय चीज असते, हे त्यांच्याइतकं दुसऱ्या कोणाला कळणार! आणि हा आकडा इतकी वर्षं त्या अंधारात, कोणी पाहो न पाहो, जसाच्या तसा बसून होता.  गाडी पुसली, धुतली, बॉनेट शंभर वेळा उघडलं, पण ही गाडी आपण पाहिलीच नाही असं त्यांना वाटलं.

"कुठल्या पत्रीची उंची किती, ते हे आकडे सांगतात," बाई म्हणाल्या. "किल्ली हरवते, कुलूप विसरत नाही. आता मी किल्लीवरून किल्ली काढणार नाही. नकलेची नक्कल मी करत नाही. कुलपाला विचारून काढणार." मग त्यांनी बोट काळं करून दाखवलं. बोटावर डांबरासारखा चिकटा होता. "यात तेल कोण घालतं?"

"मी!" भाऊ अभिमानाने म्हणाले. "शिवणयंत्राचं. दर रविवारी, न चुकता. नऊ वर्षं."

"छान. कुलपाला तेल चालत नाही, भाऊ. तेलात धूळ बसते, धुळीचा गाळ होतो. गाळाने पत्र्या अडकल्या, आणि उरलेलं तेल मागच्या स्विचमध्ये उतरलं." त्यांनी मागचा स्विच उघडला. करंट जिथून सेल्फकडे जातो ते तांब्याचे ठिपके तव्याच्या बुडासारखे काळे होते. तिथे लावलेला तपासणीचा दिवा जेमतेम मिणमिणला. "सेल्फ बिचारा उपाशी. त्याला तुम्ही मोटर बदलून दिली. जेवायला कोणी घातलं नाही."

भाऊंची मान खाली गेली. "मग कुलपाला काय घालतात?"

"पेन्सिलीची पूड. मऊ पेन्सिल आहे का घरात?"

आता मात्र ताई हसल्या, कितीतरी दिवसांनी. नकाशेवाल्याच्या घरात पेन्सिल आहे का म्हणे! भाऊ आत गेले आणि सगळ्यांत मऊ पेन्सिल घेऊन आले. मग ते पायरीवर बसून काचकागदावर तिचं टोक घासत राहिले, कागदाच्या पुडीत काळी पूड जमवत राहिले. चाळीस वर्षं हीच पूड त्यांनी टेबलावरून फुंकून टाकली होती.

बाईंनी स्पिरिटने सगळं धुतलं, ठिपके घासून लख्ख केले. दिवा भक्कन पेटला. झिजलेल्या दोन पत्र्यांच्या जागी स्वतःच्या डबीतल्या तेवढ्याच उंचीच्या दोन घातल्या. मग कोरी किल्ली लहानशा लोखंडी पकडीत धरून कानशीने दात पाडायला बसल्या. यंत्र त्यांच्याकडे होतं, पण यंत्राला नमुना लागतो, आणि इथे नमुना होता सहा आकड्यांचा. चार ओढी, मग मोजपट्टीवर धरून बघणं, मग अर्धी ओढ. भाऊ जिवाचे कान करून कानशीचा आवाज ऐकत होते. वीस वर्षांपूर्वी धोब्याकडे गेलेली किल्ली त्यांच्या डोळ्यांदेखत, एकेक दात करत, घरी परत येत होती.

काम चालू असतानाच बाईंनी काढून ठेवलेल्या दोन पत्र्या ताईंपुढे धरल्या. "यांच्यावर दोन हातांची झीज आहे. वरची बघा, एकीकडेच खाल्ली गेलीय. हिसके, आणि खाली लोंबणारं ओझं."

ओझं भाऊंचं. नऊ किल्ल्या, नखं कापायचं यंत्र आणि मोजायची टेप, एवढा सगळा जुडगा त्या एका किल्लीला लटकायचा. भाऊंनी तो हळूच खिशात सरकवला.

"आणि ही तिच्या खालची, जुनी झीज. सगळीकडे सारखी. आरशासारखी गुळगुळीत. इतकी वर्षं कोणी फिरवली ही किल्ली? घड्याळांच्या कारखान्यात अशा हाताची बाई मिळाली असती तर आम्ही तिला उचलून नेलं असतं."

ताई पत्रीकडे बघत राहिल्या. मग भाऊंनी त्यांचा जो आवाज ऐकला, तो आयुष्यात कधी ऐकला नव्हता. शाळेतल्या मुलीने मास्तरांना विचारावं तसा. "म्हणजे... माझ्या हाताला काही झालेलं नाही?"

"मघाशी बघितलं ना मी. किल्ली अडली, आणि तुम्ही थांबलात. जोर नाही केलात. कुलूप मोडेल, हे तुमच्या हाताला कळलं. भाऊंच्या हाताला नाही कळलं."

तेव्हा भाऊंच्या डोक्यात उजेड पडला, आणि तो उजेड काही सुखाचा नव्हता. थंडीपासून ताईंनी सुईत दोरा ओवला नव्हता. चिरायचं भाऊच चिरत होते. बरणीचं झाकण, स्वेटरचं वरचं बटण, बँकेच्या कागदावरच्या सह्या, सगळ्याला ताई म्हणायच्या, "तूच कर रे, माझा हात गेलाय." आणि भाऊ करत होते, मायेने करत होते, आपण बहिणीची किती काळजी घेतो म्हणून मनात खूशही होत होते. त्या हाताला झालं काहीच नव्हतं. भाऊंनी एक वाक्य बोलून तो हात काढून घेतला होता.

कुलूप जागेवर बसलं. बाईंनी पुडीतली चिमूटभर पूड आत फुंकली आणि नवी किल्ली ताईंच्या तळहातावर ठेवली. एकटीच, जुडगा नाही. ताईंनी ती दोन बोटांत धरली, आत घातली आणि फिरवली. लोण्यातून सुरी जावी तशी फिरली. पहिला टप्पा, दुसरा, तिसरा. सेल्फ कडाडला आणि ते जुनं इंजिन अशा काही आवाजात जागं झालं, की समोरच्या घराच्या दोन खिडक्या उघडल्या. ताईंनी बोटं सोडली. किल्ली आपली आपण एक टप्पा मागे आली, जशी यायला हवी तशी.

ताईंनी इंजिन बंद केलं. पुन्हा सुरू केलं. पुन्हा बंद, पुन्हा सुरू. असं पाच वेळा.  किल्लीबाई रुमालात पत्र्या बांधत होत्या, पण त्यांचे डोळे ताईंच्या हाताकडे होते, आणि भाऊंना दिसलं, की त्यांच्याही तोंडावर नवल आहे.

भाऊ खिडकीपाशी गेले. "ताई, मी चुकलो. तेलाचं नाही म्हणत मी."

"कळलं मला, तू कशाचं म्हणतोस ते." ताईंनी आरसा स्वतःच्या उंचीला लावला. डोळे भरलेले होते, पण आवाज थिएटरमधल्या सिस्टरचा होता. "पस्तीस वर्षं एकाही सर्जनचं मुकाट्याने ऐकलं नाही मी. आणि तू सांगितलंस म्हणून स्वतःचा हात टाकून दिला. तुझ्यापेक्षा मलाच माझा राग येतोय." मग त्यांनी मान वळवली. "किल्लीबाई, बसा. तुम्हाला टपरीवर सोडते. जरा लांबच्या रस्त्याने."

बाई आढेवेढे न घेता बसल्या. भाऊ खिडकीला धरून तसेच उभे होते.

"त्या माणसाला फोन कर, उद्या येऊ नकोस म्हणून सांग," ताई म्हणाल्या. "आणि आता बाजूला हो. गाडी मागे घ्यायची आहे मला."

भाऊ बाजूला झाले.