बाविसाव्या माळ्यावरची नाळ
हाताला स्पिरिटचा वास आला की परळच्या प्रसूतिगृहातली एक आजी आठवते. नाळेतल्या रक्तातून मूळपेशी वाढवायच्या, हे आमच्या प्रयोगशाळेचं काम. ते रक्त आणायला मी बर्फाची पेटी घेऊन तिथे जायचे. ती भेटली त्या दुपारी उभं राहून पाय भरून आले होते. बाळाच्या आईने होकार दिला होता, पेटी बंद झाली होती, तेवढ्यात करी रोडच्या टॉवरमध्ये राहणारी तिची सासू, हीच ती आजी, आडवी आली. “गावाक आमी नाळ परसात पुरतंव. हय बाविसाव्या माळ्यार खंय पुरतलंव? ने तू, पण सांभाळ गो.” मी नेत होते ते फक्त रक्त, तरी मान डोलावली. वाढणाऱ्या पेशी बाटलीच्या तळाला चिकटतात; नंतर रोज बघायचे, पण एकही पेशी तळाला धरली नाही. नाळेच्या रक्ताचं बहुतेकदा असंच होतं. पुढे तिथेच बाळांच्या लसीच्या रांगेत ती पुन्हा भेटली, खांद्यावर गुटगुटीत नातू. “तुज्याकडला कसा आसा?” “वाढलं नाही आजी, टाकावं लागलं.” तिने नातवाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि हळूच विचारलं, “खंय टाकलंस?” आज पुन्हा बाटली रिकामी निघाली. ती टाकलेली जैविक कचऱ्याची पिवळी पिशवी बांधून झाली आहे. ती बाहेर नेऊन ठेवायला मात्र अजून उठवत नाही.