पुंजारामची काच

बेलापूरच्या छापखान्यात दोन कंपोझिटर होते. रंगनाथ बोलायचा आणि पुंजाराम ऐकायचा, अशी त्यांची बावीस वर्षांची वाटणी. समोरासमोर उभं राहून दोघं छपाईचे खिळे, म्हणजे शिशाची उलटी अक्षरं, जुळवायचे. लग्नपत्रिका, जत्रेची हँडबिलं, एकाहत्तर साली निवडणुकीची पत्रकं. हातही चालू आणि रंगनाथचं तोंडही चालू. दुपारी दोघं एकाच डब्यात जेवायचे. रंगनाथची बायको छबूबाई त्यात दोन माणसांच्या भाकरी घालायची, कारण पुंजाराम एकटा. त्याची बायको लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी बाळंतपणात गेली, आणि दुसरं लग्न कर म्हणणाऱ्यांचं त्याने कधी मनावर घेतलं नाही. छापखान्यामागच्या खोलीत तो राहायचा. खरं सांगायचं तर सगळ्या बेलापुरात त्याला नावाने हाक मारणारा रंगनाथच काय तो होता. बाकीच्यांना तो नुसता 'छापखानेवाला'.

त्याच वर्षी, एकाहत्तरच्या दिवाळीनंतर, रंगनाथला झटका आला. हात गेले, पाय गेले, मान गेली, आणि ते एवढं बोलणारं तोंडही गेलं. डॉक्टर म्हणाले, ऐकू येतंय, बहुतेक कळतंयही, पण हलतायत फक्त डोळे. वर बघितलं की हो समजा, मिटले की नाही. मग घरचे विचारू लागले. पाणी पाहिजे का? दुखतंय का? हो, नाही, नाही, हो. एवढ्यावर एखादा अबोल माणूस दिवस काढेलही, पण रंगनाथने काढावे म्हणजे अतीच झालं. पुंजारामला ते पाहवेना.

मग त्याने एक उद्योग केला. जुन्या तसबिरीची मोठी काच मिळवली. मोठ्या टायपात पातळ कागदावर अक्षरं आणि काना, मात्रा, वेलांट्या छापल्या, एकेक कापून खळीने काचेवर चिकटवली, मध्ये भरपूर मोकळी जागा सोडली. लाकडी चौकट ठोकून ती काच त्याने रंगनाथच्या खाटेसमोर आढ्याला दोन सुतळ्यांनी टांगली. अक्षरांची तोंडं रंगनाथकडे. काचेच्या दुसऱ्या बाजूला स्टुलावर पुंजाराम. रंगनाथने अक्षराकडे बघायचं आणि पुंजारामने काचेतून त्याच्या डोळ्यांकडे. त्याच्या बुबुळापासून सरळ दोरा ताणला तर तो कोणत्या अक्षरावर येईल, ते अक्षर त्याचं.

सोपं वाटतं, पण पहिले आठ दिवस नुसता घोळ झाला. मग पुंजारामच्या एकेक गोष्ट लक्षात येत गेली. नजर सरकत नाही, ती उड्या मारते, म्हणून उडी मारून ती जिथे टेकते आणि दोन आकडे मोजेपर्यंत टिकते, तेच अक्षर धरायचं. वाटेत लागलेली सोडून द्यायची. रोज बसल्यावर तो आधी रंगनाथला काचेचे चारही कोपरे बघायला सांगायचा. उशी बोटभर इकडे-तिकडे झाली तरी सगळा हिशेब चुकतो, म्हणून. पुंजारामच्या बाजूने अक्षरं उलटी दिसायची. दुसऱ्या कोणाला घाम फुटला असता, पण याचा जन्मच उलटे खिळे वाचण्यात गेलेला. अक्षरांची मांडणीही त्याने बाराखडीप्रमाणे केली नाही, छापखान्यातल्या खिळ्यांच्या खणांप्रमाणे केली. सतत लागणारी मधोमध, आणि ऋ, ङ, ञ ही वर्षातून एकदा लागणारी मंडळी खालच्या कोपऱ्यात. रंगनाथला ते खण झोपेतही सापडले असते.

पहिलं वाक्य जुळायला पाऊण तास लागला. 'चहात साखर नाही.' पुंजाराम स्टुलावर बसून एकटाच खो खो हसला. त्यानंतर रोज संध्याकाळी छापखाना सुटला की तो तिथे. तासाभरात चार-पाच शब्द व्हायचे, पण ते ऐकून तो खोलीवर गेला की त्याला झोप लागायची.

माघात मात्र बिघडलं. रंगनाथची नजर खालच्या कोपऱ्यात जाऊन बसू लागली. ङ. पुन्हा ङ. मग ञ. मग ऋ. पुंजाराम विचारी, "हेच का?" आणि रंगनाथ डोळे मिटी. पुन्हा सुरू केलं की पुन्हा ङ. तीन आठवडे हेच चाललं. रंगनाथ हळूहळू आतून विझतोय, असं पुंजारामच्या मनाने घेतलं, पण ते त्याने कोणाला सांगितलं नाही.

आणि केडगावहून निरोप आला. रंगनाथचे थोरले भाऊ आबासाहेब रविवारी यायचे होते, भावाला कायमचं घेऊन जायला. केडगाव नगरच्याही पलीकडे. वर्षातून दोनदा पुंजारामचं जाणं होईल, आणि मग तेही राहील.

रविवारी दुपारी आबासाहेब आले. माणूस तोंडाने फटकळ, पण वाईट नव्हता. खाटेशी बसून त्यांनी भावाचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "पुंजाराम, तू म्हनतोस त्येला समदं कळतंय. मग इचार त्येलाच. हितं ऱ्हायचं म्हनला तर मी मोकळ्या हातानं जातो. पन काई कळत नसंल, तर मी त्येला हितं सोडनार न्हाई."

पुंजारामने काच नीट केली, चार कोपरे बघून घेतले. "रंगनाथ, केडगावला जायचं का हितं ऱ्हायचं?" इथंच म्हण, मर्दा, एवढंच त्याच्या मनात होतं.

रंगनाथची नजर उडाली आणि खालच्या कोपऱ्यात जाऊन बसली. ङ.

"काय म्हनला?"

"थांबा जरा, आबा." पुन्हा विचारलं. पुन्हा ङ.

आबासाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. "बास कर. कशाला त्येचा छळ मांडलाय!" असं म्हणून त्यांनी हाताने काच बाजूला ढकलली.

सुतळीवर काच हेलकावली, अक्षरं सगळी एकीकडे गेली. आणि रंगनाथची नजर होती तिथेच राहिली. तो ङ बघतच नव्हता. अक्षराच्या पलीकडे, पुंजारामच्या खांद्यावरून मागे, तो काहीतरी बघत होता.

पुंजारामने मान वळवली. तीन महिने तो तिथे बसत होता, पण मागे स्वयंपाकघर, तिथे मित्राची बायको. तिकडे वळून बघायचं नाही, ही त्याची रीत. आता त्याने बघितलं. उंबऱ्यावर छबूबाई बसली होती, चौकटीला डोकं टेकून, भर दुपारी गाढ झोपलेली. हातात तांब्या तसाच. मनगटाला चिंधी आवळून बांधलेली. दिवसरात्र दर दोन तासांनी नवऱ्याला एकटीने कुशीवर वळवणारी बाई. तीन महिन्यांत ती निम्मी राहिली होती, आणि ज्याला हे दिसत होतं त्याला बोलता येत नव्हतं.

पुंजारामने काच पुन्हा जागेवर धरली. "वहिनींचं काय सांगायचंय का रं?" रंगनाथने वर बघितलं. वरच बघत राहिला. मग भराभर अक्षरं आली, बऱ्याच दिवसांत आली नव्हती तशी. कंपोझिटरच तो, पहिली वेलांटी अक्षराच्या आधी घेत होता, खिळे लावतात तशी.

'तिला विचार.'

"काय म्हनतोय?" आबासाहेबांनी विचारलं.

ती उलटी अक्षरं आणि त्यांवर टेकणारी नजर त्या घरात एकट्या पुंजारामला वाचता येत होती. इथंच राहतो म्हणाला, असं सांगितलं असतं तर कोणी त्याला खोटं पाडलं नसतं. छबूबाई काय बोलेल हे त्याला तिच्या मनगटाकडे बघूनच कळलं होतं. क्षणभर ते खोटं त्याच्या जिभेवर आलं. तो क्षण त्याला पुढे जन्मभर छळत राहिला.

"वहिनींना इचारा म्हनतोय," तो म्हणाला.

छबूबाईला उठवलं. ती दचकली, पदर सावरला, प्रश्न कळल्यावर आधी नवऱ्याकडे बघितलं. "मला कोन इचारतंय," म्हणाली, आणि मग रडायलाच लागली. "खरं सांगू का? माझ्याच्यानं त्यास्नी उचलवत न्हाई आता. तिकडं जावा हायेत, घर भरल्यालं हाय. न्या आमाला."

सोमवारी टेम्पो आला. रंगनाथला उचलण्याआधी पुंजाराम काच सोबत देण्यासाठी उतरवायला गेला, तेव्हा छबूबाई म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, भाऊजी. मला अक्षर येत न्हाई, पन त्यांचं डोळं वळखू येत्यात. काच तुमची." ती बोलत असतानाच पुंजारामला दिसलं, रंगनाथ काचेकडे बघतोय. तो झटकन स्टुलावर बसला.

ड. ब. काना. मग क, आणखी एक काना, एक मात्रा, ण.

डबा कोण देणार, एवढं पुरं व्हायची गरजच नव्हती.

"मी करून खाईन की," पुंजाराम म्हणाला. "रोज जेवीन. काळजी करू नकोस."

रंगनाथने त्याच्याकडे, कोणत्याही अक्षराकडे नाही, सरळ त्याच्याकडे बघितलं. आणि डोळे मिटले. म्हणजे नाही, पटलं नाही.

मंगळवारी पुंजारामने चूल पेटवली. भाकरी एका बाजूने करपली, दुसरीकडून कच्ची राहिली. दुपारी छापखान्यात आपल्या जागेवर उभं राहून त्याने ती सगळी खाल्ली. मग समोरच्या रिकाम्या जागेकडे बघत, कधी नव्हे ते मोठ्याने म्हणाला, "जेवलो रे."